एका सूडकथेच्या टिपा

सोलापुरातील एका महाविद्यालयात इंग्रजीचा अध्यापक म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. आरंभी आमचे दफ्तर पुणे विद्यापीठाकडे होते, १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तिकडे गेले; विद्यापीठ बदलले, नेमलेली पुस्तके बदलली, प्रश्नपत्रिकेचा शिरस्ताही थोडाफार बदलला, परंतु एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ ही कथा या ना त्या निमित्ताने माझ्या वाट्यास येतच राहिली. कथा अवघी सात-आठ पानांची. फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकात ती नोव्हेंबर १८४६ मध्ये प्रथम छापली गेली. परंतु त्या सात-आठ पानांवर मी जितकी टिपणे काढली, तितकी शेक्सपियरच्या एखाद्या अंकावरही काढली नसतील. कारण त्या चिमुकल्या जागेत लेखकाने इटलीतील एक अनाम नगर, स्पेनमधील मद्य, फ्रान्समधील झगा, लॅटिन ब्रीदवाक्य, रोमन ख्रिस्ती लोकांचा सण, पूर्वजांच्या अस्थींनी भरलेली भुयारे आणि एका गुप्त बंधुसंघाच्या खाणाखुणा इतका सारा ऐवज कोंबून भरला आहे, आणि यांपैकी एकही वस्तू माझ्यासमोर बसलेल्या मुलांनी कधी डोळ्यांनी पाहिली असण्याचा संभव नव्हता.

ती मुले कोण होती हेही सांगितले पाहिजे. कोणी जुन्या गिरणीच्या जॉबरचा मुलगा, कोणी पूर्व भागातील पद्मशाली विणकराचा, ज्याच्या घरी तेलुगू बोलत आणि मागाच्या खडखडाटात ज्याचा अभ्यास होई. कोणी अक्कलकोटाकडून आलेला, घरी कानडी बोलणारा. कोणी उर्दू शाळेतून आलेला, तर कोणी मंगळवेढे-सांगोल्याकडचा शेतकऱ्याचा पोर, ज्याची मराठी माझ्याहून कसदार असे आणि इंग्रजी मात्र बेताचे. चार भाषांच्या या वर्गास पाचव्या भाषेतील सूडकथा शिकवावयाची, तर पार्श्वभूमी आणि शब्दार्थ हे दोन्ही अगोदर हाताशी असलेच पाहिजेत, हे उघड आहे. वाद होता तो पुढच्या गोष्टीबद्दल : यांपैकी अगोदर काय सांगावयाचे आणि मागाहून काय? बाजारात मिळणारी गाइडे हा भेद पाळीत नसत. त्यांत कथेचा सारांश, पात्रांचे स्वभाव, आणि ‘या वाक्यातील उपरोध स्पष्ट करा’ या प्रश्नाची तयार उत्तरे एकाच मापाने ओतलेली असत. विद्यार्थी ती प्रथम वाची आणि मग कथेकडे, वाचलीच तर, वळे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कथेचा शेवट अगोदर कळला म्हणून ही कथा बिघडत नाही. निवेदक मॉन्ट्रेसॉर हा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, की फॉर्च्युनॅटो नावाच्या गृहस्थाने आपणास अनेक वेळा उपद्रव दिला तो आपण सोसला, परंतु त्याने अपमान केला तेव्हा आपण सूडाची प्रतिज्ञा केली. आणि सूड असा, की घेणारास शिक्षा होता कामा नये आणि ज्यावर घ्यावयाचा त्यास तो कोण घेत आहे हे कळल्यावाचून राहता कामा नये. पुढे तो त्याला दुर्मीळ मद्याच्या लालचीने आपल्या वाड्याखालील भुयारात नेतो, साखळदंडाने भिंतीस जखडतो आणि समोर भिंत बांधून जिवंत गाडतो. हे सारे सांगूनही कथा शिल्लक उरते. जे सांगितल्याने ती नासते ते म्हणजे तिच्यातील प्रत्येक गोड वाक्याच्या पोटात दडलेला दुसरा अर्थ. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता : वस्तूंची माहिती आधी, वाक्यांची मागाहून.

वस्तूंत पहिले मद्य. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आणि त्या कायद्याच्या अमलाखाली वाढलेल्या, स्वतः कधी सुपारीचे खांडही न खाणाऱ्या अध्यापकाने स्पॅनिश मद्याच्या जाती-पोटजाती फळ्यावर मांडाव्यात, यातील विनोद मुलांच्या ध्यानात ताबडतोब येई. त्यांना शिंदी ठाऊक होती, हातभट्टीही ऐकून-पाहून ठाऊक होती. परंतु तळघरात वर्षानुवर्षे मुरत ठेवलेले आणि केवळ एका घोटावरून ज्याचे कुळ-गोत्र ओळखावयाचे असे मद्य ही कल्पनाच नवी. स्पेनच्या दक्षिणेस हेरेझ नावाचे नगर आहे. तेथील मद्यास इंग्रज लोक शेरी म्हणतात. त्या शेरीचा एक प्रकार आरंभी पिंपात किण्वाच्या पांढऱ्या सायीखाली मुरतो आणि मग ती साय मरून हवेच्या स्पर्शाने त्यास पिवळसर तांबूस रंग येतो. मॉन्टिला या कॉर्डोबानजीकच्या गावावरून त्यास अमॉन्टिलाडो हे नाव पडले. आता कथेतील फॉर्च्युनॅटो आपल्या प्रतिस्पर्धी पारख्याची टवाळी करताना म्हणतो, की त्याला अमॉन्टिलाडो आणि शेरी यांतील फरक कळत नाही; आणि अमॉन्टिलाडो ही तर शेरीच! हा अज्ञानाचा दोष लेखकाचा की पात्राचा, यावर पंडितांत वाद आहे. मला तो पात्राचा वाटतो, कारण ज्याच्या घमेंडीवर सारी कथा उभी आहे त्याची विद्या पोकळ असणेच कथेस अधिक शोभते. ‘पाइप’ हा शब्दही येथे नळ किंवा चिलीम या अर्थी नसून मद्याचे सुमारे सव्वाशे गॅलनांचे प्रचंड पिंप या अर्थी आहे, एवढे सांगितले की मद्यप्रकरण आटोपत असे.

कार्निव्हल समजावणे त्याहून सोपे होते, कारण तो सण आमच्या शेजारी गोव्यात होतो. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वी खाण्यापिण्याची आणि सोंगांची जी मोकळीक असते तिला गोव्यात इंत्रुज म्हणतात. मुखवट्याआड कोणी कोणास काही बोलावे आणि कोणी ते मनावर घेऊ नये, असा संकेत. आमच्याकडे शिमग्यात अशीच सवलत असते. त्यामुळे एक गृहस्थ रंगीबेरंगी पट्ट्यांचा अंगरखा आणि घुंगरांची टोपी घालून विदूषकाच्या वेषात फिरतो आणि दुसरा काळ्या रेशमी मुखवट्याने तोंड झाकतो, याचे कोणास आश्चर्य वाटत नसे. परंतु सणाचा खरा उपयोग मुलांना गड्ड्याच्या यात्रेने कळे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदान माणसांनी फुलते आणि सोलापुरात ज्याच्या दारास कुलूप नाही असे घर शोधावे लागते. मॉन्ट्रेसॉर नोकरांना बजावतो, की मी सकाळपर्यंत परत येणार नाही, तुम्ही वाडा सोडून हलू नका. आणि त्याची पाठ वळताच सारे पसार होतील हे त्याला पुरते ठाऊक असते. हे वाक्य वाचताच गिरणी कामगारांची पोरे हसत. नोकरांची अवज्ञा हाही ज्याच्या हिशेबातील एक आकडा आहे, असा हा मनुष्य आहे, हे त्यांना टिपेवाचून उमगत असे.

भुयाराविषयी मात्र मला वाटले होते त्याहून निराळा अनुभव आला. इटलीतील प्राचीन ख्रिस्ती लोकांनी प्रेते पुरण्यासाठी खोदलेली भुयारे, पॅरिस शहरातील स्मशाने भरून गेल्यावर १७८६ पासून जुन्या खाणींत नेऊन रचलेल्या लक्षावधी अस्थी, असा इतिहास मी तयारीने घेऊन जात असे. मुले तो उतरवून घेत आणि विसरत. परंतु कथेत एके ठिकाणी असे आहे, की भुयाराच्या अगदी आतल्या भागात हवा इतकी दूषित होती, की हातातील मशालींची ज्योत न पेटता त्या नुसत्या धुमसत होत्या. त्या ओळीवर मंगळवेढ्याकडचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हे पेवासारखं आहे.” आणि मग त्याने वर्गास पेवाची जी माहिती दिली ती मी जन्मभर शिकवीत आलो. आमच्या जिल्ह्याची जोंधळ्याची ख्याती सर्वश्रुत आहे. तो जोंधळा पूर्वी गावठाणातील घट्ट पांढऱ्या मातीत खोदलेल्या पेवात साठवीत. वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत पोट मोठे. कडेने कडबा आणि भुसा लावून दाणे भरावयाचे आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकावयाचे. आतील धान्य श्वास घेत असते. ते हवेतील प्राणवायू खाऊन संपविते आणि जड, जिवास घातक वायू तळाशी साचून राहतो. म्हणून पेव फोडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. तोंड उघडून ते वारे खाऊ देतात, मग दोरीने कंदील किंवा पेटता दिवा खाली सोडतात. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरतो, मंदावला तर थांबतो. या नियमाकडे दुर्लक्ष करून उतरलेला मनुष्य वर आला नाही आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही आला नाही, अशा हकिगती प्रत्येक गावात आहेत.

त्या दिवसानंतर ती मशालींची ओळ माझ्या वर्गात निव्वळ वर्णन म्हणून कधी वाचली गेली नाही. मशाल धुमसू लागली याचा अर्थ येथून मागे फिरावयास हवे हे पेवाच्या मुलखातील पोरास कळते, आणि फॉर्च्युनॅटोस कळत नाही, कारण तो प्यालेला आहे आणि कारण त्याला पुढे पिंप आहे असे सांगितलेले आहे. लेखकाने या ठिकाणी एक शब्दही भयाचा वापरलेला नाही.

भुयाराच्या भिंतींवर जाळ्याप्रमाणे पसरलेला जो पांढरा पदार्थ चमकतो आणि ज्याने फॉर्च्युनॅटोस खोकल्याची उबळ येते, त्यास इंग्रजीत नायटर म्हणतात. कोशात त्याचा अर्थ सोरा असा सापडतो आणि तो बरोबरही आहे. गंधक व कोळसा यांत मिसळून ज्याची तोफेची दारू होते तोच हा सोरा, आणि जुन्या काळी तो जुन्या वस्तीच्या मातीतून काढीतही असत. परंतु पेठेतील जुन्या मातीच्या वाड्यात राहणाऱ्यास ‘भिंतीला लोणा लागला आहे’ एवढे म्हटले म्हणजे पुरे. ओल भिंतीत वर चढते, क्षार पृष्ठभागावर फुलून येतात, गिलावा भुसभुशीत होऊन हाताला येतो. ज्याच्या भिंतीस लोणा आहे त्याच्या भिंतीत ओल आहे. आणि मॉन्ट्रेसॉर त्याच वेळी हेही सांगून टाकतो, की आपण नदीच्या पात्राखाली आहोत. कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली, म्हणजे या कथेच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कथा आणि कोश हे असे समवयस्क असल्यामुळे, कथेतील अडलेला शब्द अलीकडच्या कोशात न पाहता त्या जुन्या कोशात पाहावयाचा, हा माझा एक नाद होऊन बसला होता.

यापुढचे प्रकरण गवंड्यांचे. फॉर्च्युनॅटो बाटली उंचावून एक विचित्र खूण करतो आणि विचारतो, तू आमच्या बंधुसंघातला नाहीस ना? हा संघ फ्रीमेसन लोकांचा. दगडकाम करणाऱ्यांच्या जुन्या श्रेणींची परिभाषा घेऊन निघालेला हा प्रतिष्ठितांचा गुप्त संघ हिंदुस्थानातही साहेबाबरोबर आला; एतद्देशीयांना प्रवेश देणारी शाखा मुंबईत १८४३ साली निघाली, आणि उत्तरेकडे सामान्य लोक तर त्यांच्या दिवाणखान्यास जादूघर म्हणत. मॉन्ट्रेसॉर उत्तर देतो, की होय, मीही मेसन आहे, आणि झग्याच्या घोळातून थापी काढून दाखवितो. मेसन म्हणजे गवंडी आणि थापी हे गवंड्याचे हत्यार, एवढेच मी सांगत असे. थट्टा कोठे आहे हे सांगत नसे.

एके वर्षी वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता, सुटीत स्वतः बापाबरोबर कामावर जाणारा. कथा वाचून झाल्यावर त्याने जे प्रश्न विचारले ते मी पोवरील कोणत्याही टीकाग्रंथात वाचले नाहीत. त्याला भय वाटले नव्हते, त्याने काम तपासले होते. कोनाडा चार फूट खोल, तीन फूट रुंद आणि सहा-सात फूट उंच, थर अकरा, एकटा माणूस, हाताखाली बिगारी नाही. दगड बेताचे असले तर मध्यरात्रीपर्यंत काम होईल, म्हणाला. मग त्याने विचारले, की चुना कोठून आला? मी कथेतील जागा दाखविली : अस्थींच्या ढिगाखाली दगड आणि चुना अगोदरच झाकून ठेवलेले आहेत. त्यावर तो समाधानाने म्हणाला, की चुनाच हवा, सिमेंट नसणार. भिजविलेला चुना ओलसर जागी झाकून ठेवला तर दिवसेंदिवस कामास येतो, सिमेंटाचा तासाभरात दगड होतो. आणि थोडा विचार करून तो पुढचे वाक्य बोलला : “पण सर, चुन्याची ओली भिंत पहिल्या रात्री काही धरत नाही. धडधाकट माणसानं आतून खांदा लावला तर ती ढासळेल. म्हणून तर त्यानं आधी साखळी घातली.”

साखळदंड हे गॉथिक कथेचे ठरावीक सामान, तुरुंग आला की साखळी यावयाचीच, असे मी तोवर समजत होतो आणि वर्गातही तसे सांगत आलो होतो. येथे साखळी नसती तर कथा कोलमडली असती. पुढे पो याच्या कथांत अलंकारासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू मी याच कसोटीवर घासून पाहू लागलो, आणि या कथेपुरते तरी सांगतो, की एकही वस्तू निकामी निघाली नाही.

भिंतीत चिणण्याची कल्पना आमच्या मुलांस परकी मुळीच नव्हती. अनारकलीची दंतकथा चित्रपटांनी घरोघर पोहोचविली होती. सरहिंद येथे गुरू गोविंदसिंगांच्या दोन लहान मुलांना भिंतीत चिणल्याची कथा, नांदेडास जाऊन आलेल्या कोणासही ठाऊक असते. आणि आमच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज उभा राहीना म्हणून बळी दिल्याची आख्यायिका तर मुले शाळेच्या सहलीपासून ऐकत आलेली. परंतु या कथा आणि ही कथा यांत मोठे अंतर आहे. किल्ल्याच्या आख्यायिकेत भिंतीसाठी माणूस जातो, येथे माणसासाठी भिंत येते. अनारकली आणि साहेबजादे यांना राजसत्तेचा हुकूम मारतो. त्यांच्या बाजूने उभे राहणारे लोक आहेत, पवाडे आहेत, अश्रू आहेत. फॉर्च्युनॅटोच्या बाजूने कोणी नाही, कारण जो सांगतो आहे तोच मारणारा आहे.

आणि म्हणूनच वर्गात दरवर्षी न चुकता प्रश्न निघे : अपमान झाला तो कोणता? कथेत त्याचा उल्लेख नाही. मुलांना हे सहन होत नसे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालणाऱ्या मुलखातील ती मुले. भाऊबंदकी काय चीज असते ते त्यांना शिकवावे लागत नसे. कोणी म्हणे पैशाचा व्यवहार असावा, कोणी म्हणे सोयरीक मोडली असेल. बार्शीकडच्या एका वकिलाच्या मुलाने मुद्दा नेमका पकडला : दिवाणी दाव्यातसुद्धा दाव्याचे कारण लिहावे लागते, नाहीतर मुन्सफ तो दाखलच करून घेत नाही, येथे फिर्याद, इन्साफ आणि अंमलबजावणी एकाच हाती आहे, म्हणून कारण लिहिण्याची गरज राहिली नाही. याहून चांगले उत्तर मला देता आले नसते. मी त्यात एवढीच भर घालीत असे, की आमच्या परंपरेतील सूडांना कारण असते आणि ते चारचौघांत घडलेले असते. नंदाच्या सभेत अपमान झालेला चाणक्य शेंडी सोडून प्रतिज्ञा करतो ती सर्वांसमक्ष; द्रौपदीचे मोकळे केस तेरा वर्षे सर्वांना दिसतात; अश्वत्थाम्याने झोपलेल्यांस कापून काढले, ते सौप्तिकपर्वातील कृत्य अधर्म्य खरे, पण ते का केले हे तो लपवीत नाही, आणि त्याला शाप मिळतो तोही उघड. मॉन्ट्रेसॉरला ना साक्षीदार हवा ना शाप. त्याचे खरे नाते आदिपर्वात धृतराष्ट्रास राजनीती सांगणाऱ्या कणिकाशी आहे, जो शत्रूवर घाव घालावयाच्या क्षणापर्यंत गोड बोलत राहण्याचा सल्ला देतो.

ते गोड बोलणे हा कथेचा गाभा, आणि तो टिपांनी हाती लागत नाही. मोठ्याने वाचल्याने लागतो. म्हणून मी दोन मुलांना उभे करून भुयारातील संभाषण वाचावयास लावीत असे. आपल्याकडे पाहुणा नको म्हणतो आणि यजमान आग्रह करतो. येथे यजमान पुन्हा पुन्हा सांगतो, की आपण परत फिरू, तुझा खोकला वाढतो आहे, तुझ्या प्रकृतीची मला काळजी वाटते, तू लोकांना हवाहवासा मनुष्य आहेस, माझे काय. आणि पाहुणा हट्टाने पुढे जातो. पहिल्या वाचनात मॉन्ट्रेसॉर झालेला मुलगा हमखास खलनायकी आवाज काढी, नाटकातल्यासारखा दात-ओठ खाई, आणि वर्ग हसे. मी म्हणे, “असं नाही, खरोखर काळजी वाटते आहे असं वाच.” दुसऱ्या वाचनाच्या मध्यावर हसणे थांबत असे.

मग मागाहूनच्या टिपा. फॉर्च्युनॅटो म्हणतो मी खोकल्याने मरणार नाही, आणि मॉन्ट्रेसॉर त्यास मनापासून दुजोरा देतो. एक जण भोवती पुरलेल्यांच्या नावाने पेला उचलतो, दुसरा त्याला दीर्घायुष्य चिंतितो. वाटेत फोडलेली बाटली द ग्राव्ह या नावाची आहे. फ्रान्सच्या बॉर्दो प्रांतातील हे मद्य खरे, पण इंग्रज वाचकाच्या कानावर त्यातून थडगे या अर्थाचा शब्द पडतो. घराण्याच्या चिन्हावर निळ्या भूमीवर सोन्याचे पाऊल आहे, ते सापास चिरडते आहे आणि सापाचे दात टाचेत रुतले आहेत. खालचे लॅटिन ब्रीद सांगते, की मला डिवचून कोणी शिक्षेवाचून सुटत नाही, आणि हे ब्रीद स्कॉटलंडच्या राजचिन्हाशी निगडित असलेले खरेखुरे ब्रीद आहे. या चित्रातील साप कोण आणि पाऊल कोणाचे, हा प्रश्न मी परीक्षेत कधी विचारला नाही, कारण दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. शेवटच्या लॅटिन वाक्याने मृतास शांती चिंतिली जाते, आणि तेथेच कळते, की ही हकिगत पन्नास वर्षांनी सांगितली जात आहे. कोणाला? ऐकणारास निवेदकाच्या अंतःकरणाची पूर्ण ओळख आहे एवढेच आरंभी म्हटले आहे. अनेकांना तो पापनिवेदन ऐकणारा पाद्री वाटतो. तसे मानले तर हा कबुलीजबाब मोठा चमत्कारिक ठरतो, कारण त्यात पश्चात्तापाचा शब्द नाही; शेवटचा दगड बसविताना निवेदकाचा जीव क्षणभर कासावीस होतो खरा, पण त्याचा दोषही तो भुयारातील ओलीवर ढकलतो.

लेखकाच्या चरित्राविषयी मी थोडक्यातच सांगत असे. १८०९ साली बोस्टन येथे जन्म, बालपणीच आईबापांचे छत्र हरपलेले, १८४९ साली बाल्टिमोर येथे चाळिशीतच मृत्यू. ही कथा लिहिली त्या वर्षी थॉमस डन इंग्लिश या लेखकाशी त्याचे हाडवैर पेटले होते. इंग्लिशने वर्तमानपत्रातून केलेल्या निंदेबद्दल पोने त्या पत्रावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि १८४७ च्या फेब्रुवारीत त्याला २२५ डॉलर मिळाले. काही अभ्यासक फॉर्च्युनॅटोत इंग्लिश पाहतात. असेल, पण ज्याने न्यायालयात भरपाई मिळविली त्याला भुयाराची गरज पडली नसती, आणि म्हणून हे चरित्र कथेच्या आधी सांगण्याच्या मी विरुद्ध होतो.

गॉथिक परंपरेचा इतिहासही तसाच, मागाहून शोभणारा. होरेस वॉल्पोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ ची. तिच्यापासून पडके किल्ले, तळघरे आणि कुलशाप यांची रीघ लागली. एकोणिसाव्या शतकात रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची महाराष्ट्रास जी चटक लागली तिच्यातून यातील बरेच सामान मराठीत आले. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेस व गूढकथेस आपले घर दिले, आणि माझे विद्यार्थी त्यांची पुस्तके ग्रंथालयातून पानांचे कोपरे झिजेपर्यंत वाचीत. धारप वाचलेल्या मुलास पो शिकविणे सोपे जाई, हे मी सेवेत असताना उघडपणे म्हणालो असतो तर काही सहकाऱ्यांनी नाक मुरडले असते.

ज्याला ही कथा शिकवावयाची किंवा वाचावयाची आहे, त्याला माझे एवढेच मागणे आहे. गाइड बाजूला ठेवावे. मद्य, सण, लोणा, थापी एवढ्या चार गोष्टी विचारून घ्याव्यात आणि मग कथा अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचावी. उत्तम कथा एका बैठकीत संपली पाहिजे, असे खुद्द पोने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण लिहिताना सांगितले होते, आणि या कथेस अर्धा तास पुरतो.